मदत हवी आहे: घरच्या टँकमधला पाकट (स्टिंगरे) खात नाहीये

नमस्कार मंडळी, इथे कुणी गोड्या पाण्यातला स्टिंगरे पाळलाय का? मोटोरो जातीचा, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला. आणून बारा दिवस झाले, पिल्लूच आहे, शेपूट सोडून 6 इंच. पहिले दोन-तीन दिवस कोलंबीचे तुकडे मटामट खाल्ले, आता पाच दिवस तोंड लावत नाही आणि कालपासून अंगाच्या कडा वर वळवून बसलंय, भाजलेल्या पापडासारखं. हे लक्षण वाईट असतं असं वाचल्यापासून झोप उडालीय.

टँक 4 बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे अडीचशे लिटर. लहान आहे, माहितीय, शिव्या घाला, पण दुकानवाला म्हणाला वर्षभर काय होत नाही आणि मी ऐकलं. हा दीड फुटाच्या वर जातो हे नंतर कळलं, म्हणजे वळायलाही जागा नाही. 6 बाय 3 बाय 2 चा विचार केला तर नुसतं पाणीच टनभर, आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

अमोनिया (माशाच्या घाणीतून पाण्यात होणारं विष) 0.5 पीपीएम येतोय, पीएच 7.4, पाणी 28 डिग्री. फिल्टर जेमतेम तीन आठवडे चाललाय, टँक सायकल झालाच नसणार (म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू फिल्टरमध्ये अजून पुरेसे वाढलेच नसणार). रोज 30 टक्के पाणी बदलतो, नळाचंच, डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकून. खाली बारीक वाळू आहे. हीटरवर जाऊन बसायचं म्हणून त्याला जाळी लावली. दुकानवाल्याने एक औषध दिलंय पण त्यात कॉपर (तांबं) आहे, ते रे ला मारतं म्हणून बाटली उघडलीच नाही.

मित्राच्या जुन्या फिल्टरचा स्पंज माझ्या फिल्टरमध्ये टाकला तर लगेच फरक पडेल का? आणि कुंडीतली गांडुळं चालतील का, कुंडीत खत असतं म्हणून भीती वाटते.

आई अलिबागची, ती म्हणते पाकटाचं कालवण करतात, पाळतात कसले! पण त्याच्या शेपटीचा विषारी काटा लागला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवायचा हे तिनेच सांगितलं. घरात चार वर्षांचा भाचा आहे म्हणून झाकणाला कुलूप लावलंय.

अपडेट: स्पंज टाकला, आज सकाळी अमोनिया 0.25. कडा अजून वळलेल्याच, पण रात्री अर्धं गांडूळ खाल्लं (कुंडीतलं नाही, मासेमारीच्या गळाचं आणलं). डोंबिवली-कल्याणकडे कुणाकडे मोठा टँक असेल तर सांगा, जरा सावरला की फुकट देऊन टाकतो. नदीत सोड म्हणणाऱ्यांनी कृपया गप्प बसा.