साठा किती ते सोडा, रोज निघतं किती ते बोला

भाव_तिथे_पुरवठा
1956 मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक हबर्टने सांगितलं की अमेरिकेचं तेल 1970 च्या सुमारास शिखर गाठून उतरेल. आज अमेरिका दिवसाला 1.3 कोटी पिंपं काढते. 'तेल संपलं की आर्थिक वाढ थांबणार' ही भीती घालणं आता बंद करा. भाव चढला की तेल सापडतंच.

खनक
हे वाचून गप्प बसवत नाही. तेल संपणार असं कोणी जाणकार म्हणतच नाही. वाद रोजच्या उत्पादनाचा आहे. हबर्टचं 1970 बरोबर आलं होतं. तेव्हाचं 96 लाख पिंपांचं शिखर 2008 पर्यंत 50 लाखांवर घसरलं. नंतरची वाढ शेलची, म्हणजे घट्ट खडक फोडून काढलेल्या तेलाची. शेलची विहीर पहिल्याच वर्षात 60-70 टक्के मंदावते, कारण त्या खडकातून तेल झिरपत नाही, फोडलेल्या भेगांलगतचं तेवढं निघतं. नव्या विहिरी खोदणं थांबलं की वर्षभरात आकडा कोसळतो.

मुंबईजवळच्या समुद्रातलं तेलक्षेत्र, मुंबई हाय घ्या. शोध 1974 चा, उत्पादन 1976 पासून, 1989 मध्ये दिवसाला सुमारे पावणेपाच लाख पिंपं. आता दीड लाखाच्याही खाली. दाब टिकवायला समुद्राचं पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून (तो राहिला तर नळ्या गंजतात), जिवाणूनाशक घालून खाली ढकलतात. पण चुनखडक सगळीकडे सारखा नाही. पाणी सच्छिद्र थरांतून पुढे पळतं, घट्ट थरांतलं तेल मागे राहतं आणि विहिरीतून तेलापेक्षा पाणीच जास्त वर येतं. जुलै 2008 मध्ये भाव 147 डॉलरला भिडला, तेव्हा या थरांना त्याने फरक पडला नाही.

जग दिवसाला 10 कोटींहून जास्त पिंपं वापरतं. जुन्या क्षेत्रांची घट वर्षाला 5 टक्के धरा. आहे तिथेच राहायला दरसाल 50 लाख पिंपांची नवी सोय हवी. आर्थिक वाढीसाठी लागणारं तेल त्याच्यावर.

भाव_तिथे_पुरवठा
आणि बीपी ही ब्रिटिश तेल कंपनी 2025 मध्ये त्याच मुंबई हायवर आली, दहा वर्षांत तेल-वायू मिळून 60 टक्क्यांपर्यंत वाढवण्याचं उद्दिष्ट घेऊन, ते का सांगत नाही? वाढीला तेलच लागतं हेही खोटं. 1979 ते 1983 मध्ये जगाचा तेलवापर सुमारे दहा टक्क्यांनी घटला, जग बुडालं नाही.

खनक
घटला, पण तेव्हा वीजकेंद्रांत तेल जळत होतं, तिथे कोळसा आणि अणुऊर्जा आली. सोपं होतं ते झालं. आता उरलेत ट्रक, जहाजं, विमानं, रसायनं. आणि 60 टक्के खरोखर वाढले तरी 1989 गाठता येत नाही, गुणाकार करून बघा.

उसाचा_कस
मग इथेनॉल कशाला आहे? पेट्रोलमध्ये 20 टक्के मिश्रण झालंच ना.

पाणीवाटप
इथेनॉलचं नाव काढलंत म्हणून बोलावंच लागेल. एक टन उसाच्या रसातून सुमारे 70 लिटर इथेनॉल. लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे पेट्रोलच्या हिशोबात 46 लिटर. त्यासाठी आडसाली ऊस सोळा-अठरा महिने पाणी पितो, तेही दुष्काळी तालुक्यांत!

उसाचा_कस
उसाला शिव्या द्यायची फॅशनच झालीय. मळी साखरेबरोबर निघतेच, तिच्यासाठी वेगळा ऊस लावत नाहीत. डिस्टिलरीची वाफही बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर.

पाणीवाटप
सी-हेवी मळीपुरतं, म्हणजे साखर पूर्ण काढून उरलेल्या मळीपुरतं, मान्य. पण तेवढ्यावर 20 टक्के भरत नाहीत, म्हणून रस आणि बी-हेवी (अजून साखर निघू शकेल अशी मळी) इथेनॉलकडे वळवले. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल असं दिसताच केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि आठवड्याभरात 17 लाख टन साखर वळवण्यापुरती ढील दिली. भांडवल टाकलेल्या कारखान्यांचं काय झालं ते विचारा. मग मक्यावर भर, टनामागे 380 लिटर. 2024 मध्ये मका निर्यात करणारा देश आयातदार झाला आणि कोंबडीखाद्य महागलं.

उसाचा_कस
शेतकऱ्याला मक्याचा भाव मिळाला हे तुम्हाला खुपतं! कुक्कुटवाल्यांची वकिली थांबवा.

खनक
दोघेही पेट्रोलवर भांडताय. देशाच्या तेलवापरात डिझेल सुमारे 40 टक्के आहे आणि इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही. पाण्याचा अंश आला की थर वेगळे होतात. ऊस वाहणारा ट्रक, ट्रॅक्टर, बोअरवेल खोदणारी रिग, सगळं डिझेलवर. शेलचं हलकं तेलही डिझेल कमी देतं.

भाव_तिथे_पुरवठा
डिझेलचा मुद्दा मान्य. बाकीचं नाही. भाव वाढला की मालवाहतूक रेल्वेवर जाईल.

खनक
जाईल, पण मार्गिका, वाघिणी आणि गोदामं आधी बांधलेली असतील तर. त्या बांधकामालाही डिझेलच लागतं, आणि ते स्वस्त असतं तेव्हाच वापरायला हवं.