मदत हवी आहे: शाकाहारी आईला जर्मनीत गावोगावचं खरं खाणं कसं खाऊ घालू?

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टला राहतो, चार वर्षं झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात आईबाबा साताऱ्याहून येतायत, त्यातले दहा दिवस ट्रेनने फिरायचं ठरवलंय, म्युनिक, फ्रँकफर्ट, कोलोन आणि जमलं तर वर पार उत्तर समुद्राकाठच्या ऑस्टफ्रीझलँडपर्यंत. आई शाकाहारी, केकमधलं किंवा पास्त्यातलं अंडं चालतं पण नुसतं उकडलेलं नाही, चीज कशाने विरजलंय ते ती बघत नाही. बाबा चिकन-मासे खातात, बीफ आणि पोर्क अजिबात नाही. बिअर एखादा ग्लास घेतात.

प्लीज इंडियन रेस्टॉरंटची नावं देऊ नका. मला त्यांना इथलंच खायला घालायचंय, आणि ते का ते सांगते. गेल्या खेपेला इथल्याच एका जुन्या खानावळीत आईसाठी बटाट्याचं सॅलड मागवलं, बटाटा, कांदा, व्हिनेगर, ह्यात काय असणार म्हणून मी विचारलंसुद्धा नाही. तिला इतकं आवडलं, म्हणाली बटाट्याला काय चव लागलीय गं, ह्यांना विचार ना कसं करतात. वाढणाऱ्या बाईंनी कौतुकाने सांगितलं की आमच्या श्वाबेनमध्ये (म्हणजे श्टुटगार्टच्या ह्या भागात) बटाटे गरम असतानाच बीफच्या सूपमध्ये मुरवतात. मी काही बोलायच्या आत आईला सूप हा शब्द आणि माझा चेहरा दोन्ही कळलं. तिने काटा बशीच्या कडेला नीट ठेवला, पाणी प्यायली, मला एका शब्दाने बोलली नाही. पुढचे सगळे दिवस बाहेर गेलो की ब्रेड-बटर आणि केळी. ते मला अजून लागतं मनाला.

आता जे शोधलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

श्टुटगार्टात केझेश्पेत्झ्ले, म्हणजे अंड्याच्या पिठाच्या शेवया, चीज आणि वरून खरपूस तळलेला कांदा. इथले माउल्टाशन (चौकोनी करंजी म्हणा, पण उकडलेली) शाकाहारी पण मिळतात, आत पालक असतो, पण ते बऱ्याचदा मांसाच्या सूपमध्येच तरंगत येतात असं मैत्रीण म्हणाली, तर कोरडे कसे मागायचे?

फ्रँकफर्टच्या ग्र्यूने झोसेवर माझी सगळ्यात जास्त भिस्त आहे. सात प्रकारचा ताजा पाला बारीक चिरून आंबट क्रीममध्ये, थंडगार, सोबत उकडलेले बटाटे आणि अंडी (अंडी बाबांना). मी घरी करून बघितली, त्यात अळिवाची कोवळी पानं असतात आणि एक चुक्यासारखा आंबट पाला, चिरताना हाताला जो वास येतो ना तो आईला ओळखीचा वाटेल बघा. सोबत आप्फेलवाइन, सफरचंदाची आंबट वाइन, निळ्या नक्षीच्या राखाडी मातीच्या सुरईतून ओततात, ती बाबांना.

श्पारगेल म्हणजे पांढरा शतावरीचा कोंब २४ जूनपर्यंतच काढतात म्हणे, त्यामुळे आल्या आल्या तेच करायचं, वितळलेलं लोणी आणि नवे बटाटे. हॅम वेगळं येतं ते नको म्हणून सांगता येईल.

कोलोनला राइबेकूखेन, किसलेल्या बटाट्याची कुरकुरीत धिरडी आणि सफरचंदाचा गोड गर. आणि बाबांसाठी क्योल्श, ग्लास फक्त २०० मिलीचा पण रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा आणून ठेवतो, ग्लासवर बिअरमॅट ठेवली की मगच थांबतो. हे बाबांना आधीच सांगून ठेवायला हवं कारण समोर आलेलं परत पाठवणं त्यांना जमत नाही.

अडलंय ते म्युनिकला. वाइसवुर्स्ट (पांढरं सॉसेज) मुख्यतः वासराच्या मांसाचं, बाकी सगळं पोर्क, काय खायचं दोघांनी? आणि कुठेही गेलं की सूप आणि बेकनबद्दल नेमकं काय विचारायचं, माझं जर्मन ऑफिसपुरतं आहे.

प्रतिसाद १

ताई, "शाकाहारी आहे का" एवढंच विचारू नका, दोन शब्द पाठ करा, ब्रूहे म्हणजे सूप आणि श्पेक म्हणजे बेकन. "ओने फ्लाइशब्रूहे, ओने श्पेक" म्हणजे दोन्ही नको. झाउअरक्राउट (आंबवलेला कोबी) आणि कांद्याचा केक ह्यात बहुतेक वेळा श्पेक असतंच. माउल्टाशनला "गेश्मेल्त्स्ट" म्हणा, लोण्यात परतलेल्या कांद्यासोबत कोरडे देतात.

म्युनिकचं सोपं आहे. पारंपरिक बिअरगार्टनमध्ये (उघड्यावर बसून बिअर प्यायची जागा) स्वतःचं खाणं न्यायची परवानगी असते, पेय मात्र तिथलंच घ्यायचं. १८१२ मध्ये बव्हेरियाच्या राजाने बिअरवाल्यांना तळघराशी बिअर विकू दिली पण जेवण विकायला मनाई केली, म्हणून लोक घरून आणायला लागले, ते आजही चालू आहे. घरचं खायचं तर टेबलक्लॉथ नसलेली टेबलं बघून बसा. तिथलं ओब्बात्स्दा घ्या, कॅमेम्बर्ट, लोणी आणि पाप्रिका कालवून केलेलं, ब्रेत्सेलबरोबर (गाठीसारखा वळलेला खारा पाव). बाबांना बाहेरच्या स्टॉलवर काडीवर भाजलेला अख्खा मासा मिळेल, श्टेकरलफिश.

ऑस्टफ्रीझलँड सोडू नका. तिथला चहा मुख्यतः आसामचा. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा ओतला की खडा तडतडतो, मग कडेने चमचाभर साय सोडायची आणि ढवळायचं नाही. तीन कप झाल्यावर पुरे असेल तर चमचा कपात ठेवायचा.

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद! आईला आत्ताच फोन केला. ती म्हणते दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी प्रवासाला करणारच होते, तीच म्युनिकला नेऊ. ब्रूहे आणि श्पेक दोन्ही शब्द तिने वहीत लिहून घेतलेत, म्हणाली ह्या वेळी मीच विचारीन. आता फक्त एक सांगा, बिअरगार्टनमध्ये ताटल्या मिळतात की त्याही घरून न्यायच्या?