‘बॉम्बे डक’ डाकगाडीतून आलं का?

प्रश्न : सुक्या बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ का म्हणतात? मुंबईच्या डाकगाडीतून बोंबील जायचे, डबाभर वास सुटायचा, त्या ‘डाक’चं साहेबाच्या तोंडी ‘डक’ झालं, असं लहानपणापासून ऐकत आलोय.

उत्तर : गोष्ट झकास आहे, पण सनावळी जुळत नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १८५३ मध्ये. ‘बॉम्बे डक’ हे १८१५च्या इंग्रजी मजकुरातही सापडतं. त्या काळी डाक हरकारे नेत. ते बोंबलाची पोती वाहत असतील हे काही पटत नाही. ‘डक’च का, हे अजून पुराव्यानिशी सिद्ध झालेलं नाही.

‘हॉब्सन-जॉब्सन’ जरूर चाळा. हिंदुस्थानातल्या इंग्रजीचा हा कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा. बर्नेल १८८२ मध्ये वारले, यूलनी तो पुरा करून १८८६ मध्ये छापला. त्यात ‘बमेलो’ पाहा. नावाचं मूळ पक्कं माहीत नाही असं म्हणत आपला मराठी बोंबील तिथे दिलाय, आणि खाली १६७३ सालचा जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाचा दाखला : माझगाव हे कोळ्यांचं मोठं गाव, तिथला ‘बंबेलो’ हा मासा गोरगरिबांचा आधार. जबड्यात जबडा अडकवून बांबूवर वाळत घातलेले बोंबील ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वाचून भरून येईल. मला तरी आलं. पुढे ‘डक्स’ अशीही नोंद आहे. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या नोकरदारांना हे नाव होतं, ते या माशावरूनच पडलं असावं.

प्रश्न : मग ‘मीटिंग प्रीपोन झाली’, म्हणजे ठरल्यापेक्षा आधी घेतली, हे चूक की बरोबर? आमचे सर लाल रेघ मारायचे.

उत्तर : माझ्या मते बरोबर. ऑक्सफर्डच्या कोशातही ते भारतीय वापर म्हणून नोंदलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेत सिग्नलला ‘रोबॉट’ म्हणतात. त्यांच्या इंग्रजीचा ऐतिहासिक कोश १९९६ मध्ये निघाला, त्यात असे शब्द दाखल्यांसकट आहेत. ऑस्ट्रेलियाचा ‘मॅक्वारी’ कोश १९८१चा. लंडनला हा शब्द चालतो का, असं हे कोशकार विचारत नाहीत. आपल्या माणसांनी तो कधी, कुठे, कोणत्या वाक्यात लिहिला ते शोधतात.

कुणाच्या घरी जुनी ऑफिसची पत्रं असतील तर ‘प्रीपोन’ शोधा. सापडलं तर पूर्ण वाक्य आणि तारीख इथे टाका.