मदत हवी आहे: यंदाच्या सर्वांत आवडत्या नाण्याच्या चिठ्ठीवर 'शिवकालीन' असे लिहावे का?

नमस्कार.

मी पुण्यात सदाशिव पेठेत राहतो. बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालो आणि गेली सहा वर्षे जुनी नाणी जमवतो आहे. संग्रह लहान आहे, अभ्यास त्याहून लहान. आम्ही पाच मित्र दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी एकाच्या घरी जमतो आणि त्या वर्षात हाती आलेल्या नाण्यांपैकी प्रत्येकाला सर्वांत आवडलेले एकच नाणे, पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीसह, टेबलावर मांडतो. या बैठकीचे नियम दोनच आहेत. किंमत कोणी विचारायची नाही, आणि चिठ्ठीवर जे लिहिले असेल ते लिहिणाऱ्याला सिद्ध करता आले पाहिजे. पहिला नियम सगळ्यांच्याच सोयीचा आहे. दुसऱ्याने मला यंदा अडचणीत आणले आहे.

या वर्षी माझ्याकडे मोजकीच नाणी आली. एक १९४३ चा भोकाचा पैसा, एक १९४७ चा वाघाचा निकेलचा रुपया आणि एक शिवराई, म्हणजे शिवरायांच्या नावाचे तांब्याचे नाणे. पहिल्या दोहोंवर साल छापलेले असल्यामुळे त्यांच्याबद्दल वाद नाही, पण म्हणूनच की काय, त्यांच्यात जीव गुंतला नाही. शिवराई मात्र मी ऑगस्टमधल्या एका बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून घेतली. पितळी कुलपे, अडकित्ते आणि बिनदांड्याच्या पळ्या मांडलेल्या एका पथाऱ्यावर बिस्किटाच्या डब्यात तांब्याचे तुकडे होते. त्यांतल्या एका तुकड्यावर पावसाचे पाणी पडल्यामुळे 'श्री' हे अक्षर एकदम ओले, काळे आणि ठळक दिसले, आणि मी भाव न करता ते नाणे घेऊन आलो. (ही कबुली घरी दिलेली नाही.)

नाण्याचे वर्णन असे. वजन माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर नव्हे, तर ओळखीच्या सराफाकडे करून घेतले, ते ९.१ ग्रॅम भरले. आकार पूर्ण गोल नाही. एका बाजूला 'श्री', त्याखाली 'राजा', त्याखाली 'शि'. 'व' चकतीच्या बाहेर गेला आहे. दुसऱ्या बाजूला 'छत्र' स्पष्ट आहे, 'पति' निम्मे. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या समांतर रेघा दिसतात. कडेला ठिपक्यांच्या वर्तुळाचा साधारण एक तृतीयांश भाग उमटला आहे.

मी चिठ्ठी उत्साहाने लिहून टाकली होती: 'शिवकालीन शिवराई, रायगड.' नंतर एका मित्राने विचारले, की शिवकालीन हे कशावरून? मी म्हणालो, नाव आहे ना त्यावर. त्यावर तो नुसता हसला, आणि तेव्हापासून मला झोप नाही. तेव्हा माझा मुख्य प्रश्न हा, की महाराजांचे नाव असलेल्या नाण्याला शिवकालीन म्हणणे बरोबर आहे का, आणि नसेल तर चिठ्ठीवर नेमके काय लिहावे?

आणखी तीन शंका आहेत. नाण्याच्या एका बाजूला फिकट हिरवी भुकटी दिसते. पुसली की जाते आणि आठवड्याने पुन्हा येते. घरातून चिंच-मिठाचा आग्रह होत आहे, तो मी अजून तरी परतवून लावला आहे. दुसरे, कडेवर एके ठिकाणी रेघ दिसते, त्यामुळे हे ओतीव नकली नाणे तर नाही ना, अशी भीती वाटते. तिसरे, मुलगी जर्मनीत असते आणि जानेवारीत परत जाताना हे नाणे आठवण म्हणून नेते म्हणाली आहे. त्याला काही हरकत असू शकते का?

छायाचित्रे सोमवारी चढवतो, कारण माझ्या फोनमधून तांबे कायम नारिंगी दिसते.

पहिला प्रतिसाद

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो: 'शिवकालीन' लिहू नका, आणि 'रायगड' तर मुळीच लिहू नका.

आपण वर्णन केलेल्या दोन रेघांमुळेच या प्रकाराला संग्राहक दुदांडी शिवराई म्हणतात, आणि ती पेशवाईतली मानली जाते. मुळात 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' हा मजकूर १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडला जातो हे खरे. पण तो मजकूर महाराजांबरोबर थांबला नाही. त्यांच्या वारसांच्या काळात, नंतर पेशव्यांच्या अमलात तेच नाव तांब्यावर ठोकले जात राहिले, आणि पेशवाई बुडाल्यावरही ही नाणी बाजारात बरीच वर्षे चालत होती. पेशवाईत टांकसाळ चालवण्याची परवानगी खासगी लोकांना सनद देऊन दिली जाई. टांकसाळ बदलली की ठसा कोरणारा हात बदले, आणि हात बदलला की अक्षराचे वळणही बदले. कुठे 'शिव'चे 'सिव' होते, कुठे वेलांटी गळून 'शव' राहते. ही चूक म्हणून बाजूला सारणारे संग्राहक मला समजत नाहीत. माझ्या मते शिवराईतली खरी गंमत त्या गळलेल्या वेलांटीत आहे.

'व' चकतीबाहेर गेला आहे, याचे दुःख मानू नका. ठसा चकतीपेक्षा मोठा असे आणि नाणे हातोड्याने ठोकले जाई, त्यामुळे सगळा मजकूर एकाच नाण्यावर आलेला क्वचितच दिसतो. वजनावरून काळ ठरवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. वर्षानुवर्षे हातोहात फिरलेल्या तांब्याची झीज किती झाली असेल, याचा अंदाज सराफाचा काटा देत नाही.

नाव एकाचे आणि राज्य दुसऱ्याचे, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. माझे यंदाचे आवडते नाणे त्याचाच नमुना आहे. पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया मला या वर्षी मिळाला. त्यावर अंकुशाची खूण आहे, पण मजकूर फारसीत आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे. टांकसाळीचे नाव मुहियाबाद, म्हणजे औरंगजेबाने पुण्याला दिलेले नाव. शनिवारवाड्याच्या सावलीत ठोकलेल्या रुपयावर पेशव्यांचे नाव नाही, आहे ते बादशहाचे. आणि १८१८ नंतर कंपनी सरकारनेही हा रुपया लगेच बंद न करता काही वर्षे तसाच पाडला. लोकांचा ज्या नाण्यावर विश्वास बसला आहे त्याचा चेहरा राज्यकर्ते सहसा बदलत नाहीत, एवढाच याचा अर्थ. तेव्हा चिठ्ठीवर 'शिवरायांच्या नावाची' असे लिहा, 'शिवरायांच्या काळातील' असे लिहू नका.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे, आणि साल छापलेले असले की वाद मिटतो, या धागाकर्त्यांच्या समजुतीला मात्र थोडा धक्का देते.

माझे यंदाचे नाणे मी विकत घेतलेले नाही. आईच्या देवघरात लक्ष्मीपूजनाला ठेवला जाणारा राणीछाप रुपया तिने या दिवाळीत माझ्या हाती दिला. त्यावर १८६२ हे साल आहे. मीही आधी तेच धरून चालले होते. नंतर कळले, की व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हेच साल पुढे कित्येक वर्षे गोठवून ठेवले होते आणि खरे साल पुन्हा १८७४ पासून येऊ लागले. मधल्या काळात मुंबईच्या टांकसाळीने सालाजवळ बारीक ठिपके देऊन वर्षांचा हिशेब ठेवला. भिंग लावून मी त्या रुपयावरचे ठिपके तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळे आले, कारण अनेक दिवाळ्यांचे हळदीकुंकू नेमके सालाच्या खाली बसले आहे. वरच्या बाजूला डाख दिल्याची खूणही आहे. कोणे एके काळी त्याला कडी लावून गळ्यात घातले असावे. बाजारात या दोन्ही गोष्टींमुळे किंमत उतरते. मी कुंकू काढणार नाही.

आता आपल्या हिरव्या भुकटीविषयी. तांब्यावरचा जो हिरवा किंवा काळपट थर घट्ट आणि गुळगुळीत असतो तो नाण्याचे रक्षणच करतो, त्याला हात लावू नये. पण पुसल्यावर परत येणारी फिकट, भुसभुशीत भुकटी म्हणजे धातूत क्लोराइड शिरले आहे आणि हवेतल्या ओलाव्याबरोबर ते आतून तांबे खात आहे, असे समजावे. पुण्याच्या पावसाळ्यात हे वेगाने होते. नाणे आधी इतर नाण्यांपासून वेगळे करा. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, हे काही आठवडे चालू द्या, नंतर पूर्ण कोरडे करून सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत ठेवा. नळाचे पाणी नको, त्यातही क्लोरीन असते.

चिंच आणि मीठ या दोघांनाही नकार द्या. चिंचेचे आम्ल दोनशे वर्षांचा थर पाच मिनिटांत उतरवते, आणि मीठ म्हणजे तर वर सांगितलेले क्लोराइडच. दिवाळीपूर्वी तांब्याचा बंब घासायला ती जोडी उत्तम आहे. मी स्वतः शाळेत असताना एक ढब्बू पैसा असाच लखलखीत केला होता. तो अजून माझ्याकडे आहे आणि नव्या वॉशरसारखा दिसतो.

आणखी एक विचारते: नाणे मऊ, तेलकट वाटणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवले होते का? पीव्हीसीची पाकिटेही तांब्यावर हिरवे चढवतात, मात्र ते चिकट असते, भुकटीसारखे नसते. तसे असेल तर शुद्ध अॅसिटोनने ते निघते. खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब बसून करावे.

तिसरा प्रतिसाद

कडेच्या रेघेबद्दल. दोन भागांच्या साच्यात ओतलेल्या नाण्याची रेघ कडेच्या बरोबर मध्यावरून सगळीकडे फिरते, आणि ती कानशीने घासून लपवली असेल तर घासल्याच्या बारीक आडव्या खुणा दिसतात. आपली रेघ एकाच ठिकाणी आहे आणि बहुधा कडेला आडवी छेदून आत गेलेली असेल. तसे असल्यास ती ठोकताना धातूला पडलेली चीर आहे आणि अस्सलपणाच्या बाजूनेच साक्ष देते. अक्षरांच्या कडा भिंगातून पाहाव्यात; ओतीव नाण्यात त्या साबणाच्या वडीसारख्या गोलसर होतात आणि पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खळगे दिसतात. अर्थात छायाचित्र पाहिल्याशिवाय कोणीही ठाम सांगू नये आणि आपणही ऐकू नये.

मुलीबरोबर नाणे पाठवण्याचा विचार मात्र कृपया सोडून द्यावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. ते तांब्याचे आहे, स्वस्त आहे, एकच आहे, या सबबी विमानतळावर चालत नाहीत. देशात बाळगायला अडचण नाही. उद्या शेतात नांगरताना हंडा सापडला, तर तो १८७८ च्या निखात निधी कायद्याचा विषय होतो आणि दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. जुन्या बाजारातल्या बिस्किटाच्या डब्याला तो लागू होईल असे वाटत नाही. मुलीला तो १९४७ चा वाघाचा रुपया द्यावा, त्याला शंभर वर्षे व्हायला अजून अवकाश आहे.

माझ्या यंदाच्या नाण्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. या वर्षी मी तीन नाणी विकली आणि एकही घेतले नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपणा तिघांचेही मनापासून आभार. नाणे कालपासून डिस्टिल्ड पाण्यात आहे. वाटीवर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी लावावी लागली, ती घरातल्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. पाकीट मऊच होते, पण भुकटी चिकट नाही, त्यामुळे ताईंचे पहिलेच निदान खरे दिसते. कडेची रेघ भिंगातून पाहिली: ती कडेला आडवी छेदून 'छत्र'च्या बाजूला आत शिरते आणि दोनएक मिलिमीटरवर संपते. मुलीला वाघाचा रुपया पसंत पडला आहे.

चिठ्ठी पुन्हा लिहिली, ती अशी: 'शिवराई, दुदांडी. तांबे, ९.१ ग्रॅम. शिवरायांच्या नावाची, पेशवाईच्या काळातील. टांकसाळ व वर्ष अज्ञात. जुना बाजार, पुणे येथे मिळाली.' रायगड खोडताना हात जड झाला, हे लपवत नाही. मात्र ज्या मित्राने हसून माझी झोप उडवली, त्याने यंदा मांडायला १८६२ चा रुपया ठेवला आहे आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात १८६२ असेच लिहिले आहे, असे कळते. रविवारी मी भिंग घेऊन जाणार आहे. ताई, मुंबईचे ते ठिपके सालाच्या वर असतात की खाली, की दोन्हीकडे, एवढे कृपया शनिवारपर्यंत कळवावे.