मदत हवी आहे: तिसऱ्या महिन्यातल्या सलवारीचा नेफा

गरोदरपणाचा तिसरा महिना आहे. पोट अजून दिसत नाही, पण पचन मंदावल्याने संध्याकाळी कंबर फुगते आणि सकाळी बेताची बांधलेली नाडी रुतते. जीन्सचं भागतं: केसांचा रबर काजातून ओवून बटणाला अडकवायचा, वर लांब कुर्ती. कुर्तीला माया (शिवणीत आत सोडलेलं जादा कापड) असेल तर दोन्ही बाजूंची शिवण अर्धा-अर्धा इंच बाहेर घेतली की पुढचा-मागचा भाग धरून घेर २ इंच वाढतो; तो पोटाआधी छातीला लागतो.

अडतंय ते सलवारीच्या नेफ्यात, म्हणजे नाडी ओवतात त्या दुमडीत. पाऊण इंची इलॅस्टिक बसल्यावर गुंडाळतं आणि नाडीसारखंच काचतं. दीड इंची घालून मधून आडव्या दोन टिपा माराव्यात, की पुढे होजिअरीची (ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाची) पट्टी लावावी? पट्टी कंबरेपेक्षा किती इंच कमी कापता?