मदत हवी आहे: टॅलीची पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबू, की ईआरपी ९ आत्ताच सोडू?

ठिबकवाला:

नमस्कार मंडळी,

रावेर बाजूला आमचं ठिबक, तुषार, पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. आम्ही दोघे भाऊ भागीदार. परवा दिवाळी पाडव्याला (ऑक्टोबर २०२५) वहीपूजन झालं. वही आता नावालाच उरली आहे, एक लाल चोपडी आणि शेजारी कॉम्प्युटर, दोघांना सारखंच हळदकुंकू. प्रश्न त्या कॉम्प्युटरबद्दल आहे.

आमच्याकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली ईआरपी ९ आहे, आवृत्ती ६.६.३, सिंगल यूजर. टीएसएस (नव्या आवृत्त्या मिळण्यासाठीची टॅलीची वार्षिक वर्गणी) २०२० च्या उन्हाळ्यात संपली. तेव्हा लॉकडाउन होतं म्हणून भरली नाही, आणि पुढे काही अडलं नाही म्हणून राहून गेली.

अडलं ते या सप्टेंबरात. २२ तारखेपासून ठिबक-तुषारच्या सामानाचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पाइप मात्र १८ वरच राहिले. मी आणि अण्णा (आमचे दिवाणजी, वय ६८, डॉसवरच्या टॅली ४.५ पासून हाच धंदा) दोन रात्री बसून सहाशेच्या आसपास आयटमचे दर एकेक करून बदलत होतो. तरी तीन आयटम सुटले. एका उपविक्रेत्याला १२ टक्क्यांनी बिल गेलं आणि क्रेडिट नोटचा व्याप झाला.

तेव्हा ठरवलं की आता टॅली प्राइम (ईआरपी ९ नंतरचं नवं टॅली) घ्यायचं. चौकशी केली तर एक म्हणतो, "कशाला घाई करता, प्राइमचा ७ नंबर येतोय, त्यात सगळं नवं असेल, तेव्हाच घ्या." दुसरा म्हणतो, "एप्रिलपासून ईआरपी ९ उघडणारच नाही, आजच घ्या." एकाचं ऐकावं तर दुसरा खोटा ठरतो.

पुढची आवृत्ती साधारण कधी येते? नव्या आयकर कायद्याची कलमं तिच्यात येतील का? तोवर थांबण्यात शहाणपण आहे का? अजून एक भानगड. अनुदानाच्या बिलाचा आमचा वेगळा नमुना आहे. त्यात गट नंबर, क्षेत्र आणि लॅटरलचे (ठिबकच्या बारीक नळ्यांचे) मीटर छापून येतात. २०१८ मध्ये एका मुलाकडून टीडीएल (टॅलीत आपल्याला हवी ती सोय जोडणारा कोड) लिहून घेतली होती. तो आता परदेशात आहे. प्राइममध्ये ती चालेल का?

काउंटरचा कॉम्प्युटर विंडोज ७ चा आहे, ३२ बिट. हसू नका.

---

घाटावरचा:

हसलो नाही. पण ३२ बिटवर प्राइम चालणारच नाही, त्याला ६४ बिट विंडोज लागतं. म्हणजे तुमचा पहिला खर्च टॅलीचा नाही, कॉम्प्युटरचा आहे. आणि घेताना कुणी विंडोज १० वाला जुना गळ्यात मारला तर घेऊ नका. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार याच १४ ऑक्टोबरला थांबवला.

---

जुना खेळाडू:

भाऊ, "ईआरपी ९ उघडणारच नाही" हे भीती घालून विकणं झालं. तुमचं लायसन्स कायमचं आहे. टीएसएस संपली म्हणजे नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सोयी बंद झाल्या. प्रोग्रॅम बंद पडत नाही. मात्र कायदा पुढे जातो आणि तुमची आवृत्ती २०२० मध्येच उभी राहते. पाच वर्षं तुम्ही तेच अनुभवलंत.

आता "कधी येणार" याबद्दल. कुणी तुम्हाला तारीख सांगितली तर ती अंदाज समजा, मग सांगणारा कितीही छातीठोक असो. मागचा माग काढता येतो तेवढा सांगतो. ईआरपी ९ आलं २००९ मध्ये, आणि त्याच नावाखाली लहानमोठ्या सुधारणा होत अकरा वर्षं गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये प्राइम आलं आणि चाल बदलली. २०२२ मध्ये २.०, २०२३ मध्ये ३.०, २०२४ मध्ये ५.० आणि यंदा २०२५ मध्ये ६.०, म्हणजे जवळपास दरवर्षी मोठा आकडा. तेव्हा ७ येईलच. मग ८ येईल. "पुढची येऊ दे" म्हणून थांबणारा माणूस कायम थांबलेलाच असतो. तुमची पाच वर्षं तशीच गेली, राग मानू नका.

दुसरं, स्वतःच्या अनुभवावरून. शून्यावर संपणारी आवृत्ती पहिल्या आठवड्यात दुकानात आणायची नाही. २०१७ मध्ये जीएसटीच्या तोंडावर ईआरपी ९ ची ६.० आली, आणि तिच्या मागोमाग ६.०.१, ६.०.२, ६.०.३. कायदाच रोज बदलत होता, तेव्हा दुसरं काय होणार? पण ज्याने पहिल्या दिवशी घेतली त्याने प्रत्येक वेळी इन्स्टॉल केली. मी ६.१ ला घेतली आणि शांत झोपलो.

---

ठिबकवाला:

काका, राग कसला, खरंच आहे ते. पण मग आत्ता टीएसएस भरली आणि डिसेंबरात ७ आलं तर पुन्हा पैसे?

---

जुना खेळाडू:

नाही हो! इथेच लोकांची गल्लत होते. टीएसएस वर्षभराची असते. त्या वर्षात जी आवृत्ती येईल ती तुमची, वेगळे पैसे नाहीत. सिंगल यूजरला ४,५०० अधिक १८ टक्के, म्हणजे ५,३१०. नोव्हेंबरात भरली तर पुढच्या नोव्हेंबरपर्यंत, एप्रिलही त्यात आला. ७ डिसेंबरात येवो की मार्चमध्ये, तुम्ही झाकलेले आहात. म्हणून तर "थांबा" म्हणणाऱ्याचं गणित मला कळलं नाही.

आणि ते सहाशे आयटम... स्टॉक ग्रुपला दर लावला असता आणि आयटमला कोरं ठेवलं असतं, तर २२ सप्टेंबरपासून लागू अशी एक नोंद करून काम झालं असतं. हे ईआरपी ९ मध्येही होतं. ठिबकचा एक ग्रुप, तुषारचा एक, पाइपचा एक. दोन रात्री वाचल्या असत्या.

---

ठिबकवाला:

हे अण्णांना वाचून दाखवलं. ते उठून चहाला गेले.

---

सीए, नाशिक:

आवृत्तीचं बाजूला ठेवून तारखांचं बोलू या, कारण तुमची घाई तिथून ठरेल.

नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतोय. टीडीएसची (पैसे देतानाच कर कापून भरण्याची) जुन्या कायद्यातल्या कलम १९४ च्या पोटातली सगळी अ-ब-क-ड पिलावळ आता कलम ३९३ मध्ये तक्त्यांनी मांडली आहे, पगाराचं ३९२ मध्ये आहे. हिशेबाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला एप्रिलच्या आधी हे बसवून घ्यावंच लागेल, टॅली असो की आणखी कुठलं. पण मार्चअखेरपर्यंतची कपात जुन्याच कायद्याने चालेल. म्हणजे कलमांसाठी आज कुणी अडलेलं नाही.

तुमची उलाढाल किती? पाच कोटींच्या आसपास असेल तर खरी तारीख तिच्यावरून ठरेल.

आणि एक विचारते. भागीदारी आहे म्हणालात. दोघांना फर्ममधून पगार आणि भांडवलावर व्याज देता ना? १ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी आलंय. भागीदाराला वर्षात २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. कापताय?

---

ठिबकवाला:

ताई, मागच्या वर्षी ४ कोटी ६० लाख होते. या वर्षी पाच ओलांडणार, केळीच्या लागवडीने हंगाम चांगला गेला.

१९४टी... नाही कापत. पहिल्यांदाच ऐकतोय. आमचे कर सल्लागार रिटर्नच्या वेळीच भेटतात. घरचाच पैसा घरच्यांना देताना टीडीएस?

---

सीए, नाशिक:

हो, घरचाच. रोख दिलं नाही, नुसतं भांडवल खात्यात जमा दाखवलं तरी कापायचा. टॅन नंबर (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर) नसेल तर या आठवड्यात घ्या. एप्रिलपासून महिन्याला पगार जमा दाखवत आला असाल तर न कापल्याचं महिन्याला १ टक्का व्याज लागतं, ते वाढत राहील. वर्षअखेरीलाच एकदम जमा करत असाल आणि मधे उचललेलं नसेल, तर अजून वेळ आहे. कसं करता ते सल्लागारांना उचल खातं दाखवून विचारा. तुमच्या जुन्या आवृत्तीतल्या यादीत हे कलम नसेल, पण टीडीएसचा प्रकार हाताने तयार करता येतो. तेवढ्यासाठी प्राइमची वाट बघू नका.

आता पाच कोटींचं. २०२५-२६ मध्ये ओलांडलेत की १ एप्रिल २०२६ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं. फक्त जीएसटी नंबर असलेल्यांच्या बिलांना, म्हणजे उपविक्रेत्यांना. शेतकऱ्याच्या बिलाला नाही. पण पाच कोटी मोजताना मात्र शेतकऱ्यांची विक्रीही धरायची, तिथे लोक फसतात. तिमाही रिटर्न भरत असाल तर ज्या तिमाहीत ओलांडाल तिच्या पुढच्या तिमाहीपासून मासिक व्हावं लागेल. प्राइममधून ई-इन्व्हॉइस थेट जातं. तुमच्या ६.६.३ मधून रोजची पाच-दहा बिलं हाताने पोर्टलवर चढवायची म्हणजे अण्णा राजीनामा देतील.

म्हणजे तुमची अंतिम तारीख ३१ मार्च आहे, ७ नंबरची नाही.

---

घाटावरचा:

आणि ऑडिट ट्रेलवाली (केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, म्हणजे एडिट लॉगवाली) आवृत्ती घ्यावीच लागेल असं कुणी सांगितलं तर? आम्हाला तीच गळ्यात मारत होते.

---

सीए, नाशिक:

एडिट लॉगची सक्ती कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना, १ एप्रिल २०२३ पासून. भागीदारी फर्मला नाही. घ्यायला हरकत नाही, पण मग प्रत्येक खाडाखोड कायमची दिसेल, हे आधी समजून घ्या.

---

टीडीएलवाला:

मूळ धाग्याकडे येतो. टीडीएल फाइलचं एक्स्टेंशन काय आहे ते बघा. टीएक्सटी किंवा टीडीएल असेल तर जीव वाचला. टीसीपी असेल तर ती कम्पाइल केलेली आहे, तिच्यातून मूळ कोड परत निघत नाही.

---

ठिबकवाला:

दादा, टीसीपीच आहे. दुसरी कुठलीच फाइल नाही.

---

टीडीएलवाला:

बहुतेकांचं हेच असतं. घर बांधून घेतात, नकाशा गवंड्याकडेच राहतो. त्या मुलाला मेसेज करून बघा, जुन्या लॅपटॉपमध्ये असेल तर पाठवेल. नसेल तर नव्याने लिहून घ्या, आणि या वेळी पैसे देण्याआधी मूळ फाइल ताब्यात घ्या.

टीसीपी प्राइममध्ये नुसती जोडून बघायला हरकत नाही. साधे जादा रकाने असतील तर कधीकधी चालतात. छपाईच्या नमुन्यात हात घातला असेल तर शक्यता कमी, कारण प्राइमचे पडदे बदललेत.

महत्त्वाचं म्हणजे ३.० पासून जीएसटीची अंतर्गत रचना बदलली. त्यामुळे ईआरपी ९ चा डेटा प्राइम ३.० किंवा पुढच्या आवृत्तीत उघडताना मायग्रेट होतो, म्हणजे नव्या रचनेत बदलला जातो, आणि मायग्रेट झालेला डेटा परत ईआरपी ९ मध्ये उघडत नाही. म्हणून आधी दोन बॅकअप घ्या, त्यातला एक दुकानाबाहेर ठेवा. मायग्रेट करण्याआधी ईआरपी ९ मध्येच कंट्रोल-ऑल्ट-आर मारून डेटा दुरुस्त करून घ्या. पहिला प्रयोग खऱ्या डेटावर नाही, प्रतीवर. मग दोन्हीकडची ३१ मार्च २०२५ ची तेरीज (ट्रायल बॅलन्स) शेजारी शेजारी ठेवून जुळवा. साठ्याची किंमतही.

मायग्रेशननंतर जीएसटीच्या अहवालात "अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स" म्हणून शेकडो नोंदी दिसतील. घाबरू नका. बहुतेक जुन्या, एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) नसलेल्या किंवा कराचा तपशील अर्धवट राहिलेल्या नोंदी असतात, ईआरपी ९ त्या गप्प गिळत होतं. भरून झालेल्या महिन्यांवर "फाइल्ड" अशी खूण करून टाका, म्हणजे त्या पुन्हा डोकं वर काढत नाहीत.

---

मीही गेलो होतो:

मी वर्षाच्या मधे प्राइमवर गेलो, जळगावात स्पेअर पार्टचं दुकान आहे. एकच सांगतो, तिमाही रिटर्न भरल्याच्या दुसऱ्या दिवशी जा. तुमचं ऑक्टोबर-डिसेंबरचं ३बी (जीएसटीचं रिटर्न) २२ जानेवारीपर्यंत असेल. ते भरा, मग जा. त्याच आठवड्यात लग्नाचं, सप्ताहाचं काही काढू नका.

त्रास डेटाचा कमी, बोटांचा जास्त होतो. आमच्या दिवाणजींची क्रेडिट नोट कंट्रोल-एफ-८ वर होती, प्राइममध्ये ऑल्ट-एफ-६. डेबिट नोट ऑल्ट-एफ-५. महिनाभर ते चुकीचं बटण दाबायचे आणि कॉम्प्युटरला बोलायचे. पण ऑल्ट-जी ने कुठूनही कुठेही जाता येतं, ते कळल्यावर माणूस जुन्याकडे परत जायला तयार नव्हता.

---

ठिबकवाला:

सगळ्यांचे आभार. आज दिवसभरात एवढं झालं.

टॅनचा अर्ज भरला. भावाचं आणि माझं उचल खातं काढलं तर दोघांनीही दर महिन्याला उचललंय, म्हणजे व्याज लागणार असं दिसतंय. सल्लागारांना फोन केला, ते म्हणाले "मी सांगणारच होतो".

कॉम्प्युटर या आठवड्यात. टीएसएस नोव्हेंबरात भरतो. काकांचं ऐकून शून्यवाली नाही, ६ मधलीच शेवटची आवृत्ती प्रतीवर बसवून बघतो. २२ जानेवारीनंतर खऱ्या डेटावर. तोवर ७ आलं तर येऊ दे, मार्चपर्यंत तिकडे बघत नाही.

तो मुलगा ऑस्ट्रेलियात आहे. मेसेज केला होता. त्याचं उत्तर आलं: "काका, कोड आहे, पण त्यात माझ्या स्पेलिंगच्या चुका आहेत, हसू नका." फाइल आली, टीएक्सटीच आहे. टीडीएलवाला दादा, व्यक्तिगत निरोपातून पाठवली तर बघाल का? मीटरच्या रकान्यात दशांश चिन्हानंतर तीन आकडे येतात, तालुक्याच्या कचेरीत दोनच चालतात. तेही याच वेळी करून घेतो.

---

टीडीएलवाला:

पाठवा. आणि अण्णांना सांगा, ग्रुपवर दर लावायचं काम आताच, ईआरपी ९ मध्येच उरकून घ्या. मायग्रेशनमध्ये जे जाईल ते स्वच्छ जाऊ दे.

---

ठिबकवाला:

अण्णा सकाळपासून तेच करतायत. मला हात लावू देत नाहीत.