विषय: रेप्लिकाचे पॉवर ब्रेक कमी लागतात (गाडी साताऱ्यात)

मंडळी, नमस्कार.

मंडळात व्ही-८ इंजिनांची कामं स्वतः करणारे बरेच जण आहेत, म्हणून साताऱ्याहून विचारतोय. कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची रेप्लिका आहे. ५ लिटरचं इंजिन, तापट कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा), चार बॅरलचा कार्ब्युरेटर, चारही चाकांना डिस्क. बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणारा डबा) ८ इंची, मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा) १ इंची. पोवई नाक्यावरच्या गर्दीत लागोपाठ दोनदा ब्रेक दाबला की तिसऱ्या वेळी पेडल दगड होतं. यवतेश्वर घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना मात्र ब्रेक चांगले लागतात. हवा काढून झाली, पॅड नवे आहेत. बूस्टर बदला म्हणतात. मागवू का?

— सातारा

———

दादा, बूस्टर इतक्यात मागवू नका. घाटात बरे आणि नाक्यावर वाईट, यातच निम्मं निदान आलं. गिअरमध्ये उतरताना थ्रॉटल मिटलेलं आणि इंजिन जोरात फिरणारं, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, भरपूर व्हॅक्यूम तयार होतं. आयडलिंगला उलटं. तापट कॅममध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ मोठा असतो, तिथे व्हॅक्यूम ढासळतं.

बूस्टरला पूर्ण जोर द्यायला साधारण १८ इंच पारा (व्हॅक्यूम मोजायचं माप) लागतो. अशा कॅमवर आयडलला ८ ते १२ मिळतात. हिशेब करून बघा: बूस्टरमधल्या ८ इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३२५ चौरस सेंटिमीटर. १८ इंचांना त्यावर २०० किलोचा जोर येतो, १० इंचांना ११० किलोचाच. उरलेलं तुमच्या पायाला भरून काढावं लागतं. त्यात साताऱ्याची उंची सुमारे ७०० मीटर. दर ३०० मीटरला गेजवर इंचभर कमी दिसतं, म्हणजे समुद्रसपाटीच्या मानाने दोनेक इंच इथेच गेले. कास पठारावर चार जातील.

आधी मोजा. बूस्टरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हजवळ (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) पाइपमध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून व्हॅक्यूम गेज लावा. मग तीन गोष्टी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबूनच धरा आणि स्टार्ट करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, इंजिन बंद करा, अर्धा मिनिट थांबा. पेडल वर आलं तर पडदा किंवा व्हॉल्व्ह गळतोय. आणि पाइप कुठून घेतलाय ते कळवा.

———

गेज लावला. ८५० आरपीएमला ९ इंच, घाटात १९. पेडल खाली जातं, अर्धा मिनिट धरूनही वर येत नाही. पाइप पेट्रोलचा साधा होज आहे, कार्ब्युरेटरच्या कडेच्या बारीक तोंडावरून आलाय. व्हॅक्यूमची टाकी बसवली तर भागेल का?

— सातारा

———

मग बूस्टर शाबूत आहे. टाकीने व्हॅक्यूम वाढत नाही, फक्त साठतं. ९ इंच येत असतील तर टाकीतही ९च.

तो पाइप मात्र आजच काढा. पेट्रोलचा होज आत ओढला जाऊन चपटा होतो. व्हॅक्यूमसाठीचा जाड होज घ्या, आतला व्यास ९ ते १० मिलिमीटर, आणि तो मॅनिफोल्डच्या मधल्या प्लेनममधून (सगळ्या सिलिंडरांच्या सामायिक पोकळीतून) घ्या. एकाच सिलिंडरच्या नळीवर तोंड असेल तर हिसके बसतात. बारीक तोंडाने आकडा फारसा पडत नाही, पण बूस्टर परत भरायला वेळ लागतो. तिसऱ्या दाबाला पेडल घट्ट होण्यात त्याचाही हात आहे.

मग ठिणगीचं टायमिंग. सुरुवातीचा ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) ८ अंशांवर असेल तर १४ करा, पण एकूण ३४-३६च्या पुढे जाऊ देऊ नका. मोठ्या कॅमला त्याने एक-दोन इंच सहज मिळतात. तरी व्हॅक्यूम १४-१५ इंचांच्या खालीच राहिलं तर इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप हाच खरा उपाय. रिले लावून जोडा. मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या फाट्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंप अख्ख्या इंजिनातून हवा ओढत बसेल. प्रेशर स्विच ॲडजस्ट होणारा घ्या आणि पंप बंद होण्याचा आकडा १८-१९ इंच ठेवा. २२ला बंद होणारा स्विच कासला कदाचित बंदच होणार नाही, आणि पंप जळेल.

———

वरच्या मेलला एक जोड. व्हॅक्यूम १८ झाल्यावरही गाडी थांबत नसेल तर पुढच्या कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलवर प्रेशर गेज लावा. जोरात दाबल्यावर १,००० पीएसआयच्या आसपास यायला हवं. तेवढं येऊनही ब्रेक कमी लागले तर दोष पॅडचा. रेसिंगचे कडक पॅड गार असताना पकडतच नाहीत. ६००वर अडकलं तर १ इंची मास्टर सिलिंडर मोठा पडतोय. ७/८ इंची घातला तर त्याच जोराला प्रेशर ३० टक्क्यांनी वाढतं, पण पेडलही तेवढंच जास्त खाली जातं. कॅलिपर चार पिस्टनचे असतील तर पेडल तळाला टेकेल. तिथे १५/१६ बरा, १४ टक्के वाढ मिळते. बदलताना बूस्टरचा दांडा आणि पिस्टन यांत मिलिमीटरभर फट ठेवा. फट नसेल तर ब्रेक सुटत नाहीत, डिस्क तापते.

आणि एकदा चाकं काढून बघा: कॅलिपर डावे-उजवे उलटे बसले नाहीत ना? निपल खाली आला तर कितीही हवा काढा, वरची हवा आतच राहते.